पेटवणीचा दिवस

त्या वर्षी भट्टी रचून तयार होती, पण ती पेटवणारे डोळे घरात उरले नव्हते.

हात होते. धाकट्याचे होते, सुनेचे होते, म्हाताऱ्याचेही अजून चालत होते. पण वीट भाजावी लागते ती डोळ्यांनी. धूर आधी काळा येतो, मग भुरा, मग निळसर, आणि शेवटी दिसेनासा होतो. त्यावरून कुठलं तोंड लिंपायचं आणि कुठलं उघडं ठेवायचं ते ठरतं. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्याला धूर दिसायचा, धुराचा रंग दिसायचा नाही. मागच्या वर्षी धाकट्याने पेटवली, तर अर्धी भट्टी कच्ची निघाली आणि अर्धी वितळून एकमेकींना चिकटली. त्या ढेकळावरून हात फिरवून म्हातारा म्हणाला, "छान. दोनशे विटांची एकच वीट केलीस." त्यानंतर आठ दिवस धाकटा जेवताना बापाकडे पाठ करून बसत होता.

भट्टी पेटवणारा खरा होता तो थोरला. तो तुरुंगात होता. शिक्षा दहा वर्षांची, त्यातली सहा झाली होती.

घडलं होतं ते मातीच्या खाणीत. खाण म्हणजे घरासमोरचा मोठा खड्डा. विटांची माती तिथूनच निघायची. पलीकडच्या काठावर माती वाहणाऱ्या गाडीवाल्याचं घर होतं. एका सकाळी गाडी आधी कुणी भरायची यावरून बोलाचाली झाली. थोरल्याच्या हातात फावडं होतं. त्याने दांडा एकदाच घातला. गाडीवाला उठून घरी चालत गेला, दोन दिवस डोकं दुखतंय म्हणत राहिला आणि तिसऱ्या दिवशी मेला. त्याच्या बायकोला त्यानंतर कुणी नावाने हाक मारली नाही. सगळे तिला पलीकडची म्हणायला लागले. शिक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती खाणीच्या काठाकाठाने चालत आली आणि म्हाताऱ्यासमोर उभी राहिली. आसपास दुसरं काम नव्हतं. म्हातारा म्हणाला, "विटा वाहा." तेव्हापासून ती विटा वाहत होती. सून तिच्या डोक्यावर विटा रचायची, आठ-आठ, आणि सहा वर्षांत दोघींमध्ये 'झालं?' आणि 'हं' एवढंच बोलणं झालं होतं.

भट्टीसाठी म्हणून थोरल्याने पॅरोलचा अर्ज केला. त्याची चौकशी करायला जमादार आला. तो पालथ्या घातलेल्या साच्यावर बसला आणि सुनेला त्याने उभंच ठेवलं.

"तू त्याची बायको?"

"हो."

"आल्यावर राहणार कुठे?"

"घरात."

"झोपणार कुठे?"

"घरातच की."

"घरात कुठे? जागा लिहावी लागते."

धाकटा दीर आपल्या पायाच्या बोटांकडे बघायला लागला. सुनेने आतला कोपरा हाताने दाखवला. जमादाराने मान लांब करून कोपरा पाहिला आणि लिहून घेतला.

"हमी कोण देतंय?"

हमी शिंप्याने दिली. तो त्यासाठी दुकान बंद करून आला होता. "त्याच्या लग्नाचा सदरा मीच शिवलाय," तो म्हणाला. "पळाला तर माप आहे माझ्याकडे. कुठेही ओळखीन."

"पळाला तर तुझं माप मी घेईन," जमादार म्हणाला. शिंपी हसला, पण सही करताना त्याचा हात जरा थांबला.

मग जमादार खाण ओलांडून पलीकडे गेला. मेलेल्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय कैद्याला गावात सोडत नाहीत. सून चिखल तुडवत होती, ती तशीच घोट्यापर्यंत चिखलात उभी राहिली. लांबून ऐकू काही येत नव्हतं. पलीकडची अर्धं दार लावून उंबऱ्यात उभी होती. जमादार बोलत होता. मग जमादाराने शाईची डबी उघडली. अंगठा दिल्यावर तिने तो दाराच्या चौकटीला पुसला, आणि त्याचा काळा डाग चौकटीवर राहिला.

"दिला," जमादार परत येऊन म्हणाला. "तो इथे असेपर्यंत कामावर येणार नाही म्हणाली. चौदा दिवस, चौदा म्हणजे चौदा, असं दोनदा बोलली." त्याने टोपी झटकली. "तिने नाही म्हटलं असतं, तर माझंही लिहिणं वाचलं असतं."

थोरला आला तो भर दुपारी. पलीकडची तेव्हा कोळशाच्या भुकटीची पाटी उचलत होती. रस्त्यावर तो दिसताच तिने पाटी होती तिथेच ठेवली, डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली आणि खाणीच्या काठाने निघून गेली. अर्धी भरलेली पाटी संध्याकाळपर्यंत तिथेच होती. तिला कुणी हात लावला नाही.

तो दाराशी येऊन थांबला. दार उघडंच होतं.

"या की आत," सून म्हणाली.

मग तो आला. सहा वर्षांत त्याने एकही दार आपल्या हाताने उघडलं नव्हतं, हे तिला पुढे दोन-तीन दिवसांनी ध्यानात आलं. तो दारापाशी थांबायचा आणि कुणीतरी काहीतरी म्हणेपर्यंत थांबायचा.

म्हाताऱ्याने त्याचे दंड चाचपले, मनगटं चाचपली, मग तळहात. "हात मऊ पडले."

"सतरंज्या विणतो बाबा तिथे. माग आहे माझ्याकडे."

"बायकांचं काम दिलं होय?" धाकटा म्हणाला.

"तिथे बायका नसतात. सगळी कामं पुरुषांचीच."

धाकटा हसला. घरात सहा वर्षांनी कुणी थोरल्याच्या बोलण्यावर हसलं होतं. थोरला मात्र हसला नाही. त्याने ताट चार घासांत संपवलं आणि उठून स्वतः घासून पालथं घातलं. सुनेने ते त्याच्या हातातून घ्यायचा प्रयत्न केला, पण तिला उशीर झाला.

"किती दिवस दिलेत?" म्हाताऱ्याने विचारलं.

"चौदा. मी स्वतः वाचलं."

त्या घरात कुणाला वाचता येत नव्हतं.

"आत शिकलो. मास्तर येतो. परीक्षा पास झालो तर तीस दिवस मिळाले."

"कसले दिवस?"

"माफीचे." मग त्याने त्यांना समजेल असं सांगितलं. कैदी नीट वागला, नेमून दिलेलं काम केलं, कुणाशी भांडला नाही, तर महिन्याला काही दिवस शिक्षेतून कमी होतात. वर्षभर एकही शेरा नसेल तर आणखी काही. परीक्षेचे वेगळे. असं करत करत त्याचे एक वर्ष आणि दोन महिने जमले होते. पुढच्या महिन्यात समिती बसणार होती. ज्यांची वागणूक चांगली आणि शिक्षा निम्म्याहून जास्त झालेली, त्यांना समिती आधीच सोडते. यादीत त्याचं नाव होतं.

"म्हणजे पुढच्या भट्टीला तू घरी?" म्हातारा म्हणाला.

"समितीने हो म्हटलं तर."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तरी माफी आहेच. फक्त इथून वेळेवर परत गेलं पाहिजे. एक दिवस जरी उशीर झाला तरी यादीतून नाव कापतात, माफीही काढून घेतात. मग दोन वर्षं अर्ज नाही की पॅरोल नाही." तो भिंतीकडे बघत बोलत होता. "कागदावर खाली बारीक ओळीत सगळं असतं. ते मी घरी येऊन वाचणार होतो, पण वाटेत चौकीवर जमादाराने कागद ठेवून घेतला. जाताना मिळेल म्हणाला."

म्हातारा उठून अंगणात गेला, तोंड वर करून त्याने वारा घेतला. "आभाळात काही आहे का रे?"

"नाही बाबा. स्वच्छ आहे."

"मग आजच लावू."

ऊन उतरल्यावर थोरल्याने भट्टीच्या चारही तोंडांत लाकडं सारली आणि पेटवली. म्हातारा जवळ उभा राहून जाळाचा आवाज ऐकत होता. त्या घरात रीत अशी होती की पेटवणीचा दिवस धरायचा नाही. पहिल्या संध्याकाळी नुसती लाकडं जळतात, कोळसा अजून धरलेला नसतो. तेव्हा मोजणी दुसऱ्या दिवशी उगवतीला सुरू व्हायची. मजुरांचंही तसंच. कुणी दुसऱ्या गावाहून आला तर आलेला दिवस धरत नसत. पाय धुण्यात गेलेला दिवस कामाचा कसा, असं म्हातारा म्हणायचा. मोजणी छपराखालच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी व्हायची. दुसरी रीत अशी, की जो पेटवतो त्यानेच उघडायची. तोवर त्याने भट्टी सोडून हलायचं नाही.

"तेरा दिवस भाजायला आणि निवायला," थोरला म्हणाला. "चौदाव्याला पहाटे उघडू. सकाळच्या गाडीने मी जाईन. संध्याकाळी सहाच्या आत फाटकावर पोचलं म्हणजे झालं."

कुणाला त्यात काही खटकलं नाही. त्या घरात दिवस दुसऱ्या कुठल्या रीतीने मोजायचे असतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या सकाळी म्हाताऱ्याने भिंत चाचपली आणि पहिली रेघ ओढली.

पुढचे दिवस कामाचे गेले. पहिले तीन दिवस लाकडं घालायची, मग कोळशाने धरलं की तोंडं विटांनी बुजवून चिखलाने लिंपायची. थोरला भट्टीभोवती फिरायचा, एखाद्या ठिकाणी थांबायचा, धूर बघायचा आणि नुसतं बोट दाखवायचा. धाकटा तिथे चिखल थापायचा. सून खाणीतून पाणी आणायची, माती कालवायची. तिच्या पोटऱ्या संध्याकाळी दगडासारख्या व्हायच्या. पाचव्या दिवशी वारा फिरला आणि खाणीकडची बाजू भसाभस जळायला लागली. वरचा थर तिकडे बसला, लिंपणाला बोटभर भेग पडली. थोरल्याने ओली पोती मागितली आणि शिडी लावून तो स्वतः वर चढला. म्हातारा खालून ओरडत होता, "पाय कडेला ठेव! मधे ठेवू नको!" भेग बुजवून तो उतरला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची कोपरापर्यंतची कातडी लाल झाली होती आणि भुवया जळल्या होत्या.

"आता समितीसमोर असाच जाणार?" सुनेने त्याच्या हाताला खोबरेल लावत विचारलं.

"तिथे चेहरा बघत नाहीत. पुस्तक बघतात. वागणुकीचं."

ती लावत राहिली. मग म्हणाली, "चांगलं वागायचं म्हणजे तुम्ही तिथे करता तरी काय?"

त्याने बराच विचार केला. "काही करत नाही," तो म्हणाला. "तेच."

"म्हणजे?"

"कुणी ताटात थुंकलं तरी काही करत नाही. रांगेत कुणी पुढे घुसला तर एक पाऊल मागे होतो. त्याचे महिन्याला दिवस मिळतात." थोड्या वेळाने तो म्हणाला, "हे इथे कुणी शिकवलं असतं तर."

वाक्य त्याने पुरं केलं नाही. खाणीपलीकडे दारात पलीकडची बसलेली दिसत होती. रोज दिसायची. सकाळी दारात येऊन बसायची, ऊन आलं की आत जायची, उतरलं की पुन्हा यायची. थोरला काम करताना तिकडे पाठ करून उभा राहायचा, त्यासाठी कधी कधी त्याला भट्टीला उलटा वळसा घालावा लागायचा.

"अंगठा देताना ती काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"चौदा म्हणजे चौदा."

"बास?"

"बास."

दर तीन दिवसांनी चौकीवर हजेरी असायची, तेवढ्यापुरतंच म्हातारा त्याला भट्टीपासून हलू द्यायचा. पहिल्या वेळी जमादाराने शाईची डबी पुढे सरकवली. थोरला म्हणाला, "सही येते साहेब." जमादाराने पेन दिलं आणि तो सही करेपर्यंत खुर्ची मागे टेकून बघत राहिला. "वा रे वा," तो म्हणाला. "आम्ही बाहेर राहून काय शिकलो?" चौकीतले दोघे हसले. थोरला एक पाऊल मागे झाला आणि हात बांधून उभा राहिला. शेवटच्या हजेरीला जमादार म्हणाला, "आता एकदम जाताना ये, कागद घेऊन जा." कुठल्या दिवशी, ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

भिंतीवर तेरा रेघा झाल्या त्या सकाळी धूर पूर्ण थांबला होता. भट्टीला हात लावला तर ऊब होती, चटका नव्हता. उद्या पहाटे उघडायची म्हणून धाकटा पहारी धुऊन ठेवत होता. थोरला सुनेने शिवून ठेवलेलं सदऱ्याचं बटण बघत होता. म्हातारा उन्हात बसला होता. गेल्या सहा वर्षांत नव्हता इतका तो त्या दिवशी आनंदात होता. भट्टीला कान लावून आतल्या विटा कशा टणटण बोलतील ते तो धाकट्याला सांगत होता.

अशात पलीकडची खाणीच्या काठाने आली. चुंबळ हातात होती. अंगणाच्या कडेला, जिथे तिने त्या दिवशी पाटी ठेवली होती तिथे, ती थांबली. थोरला उठून उभा राहिला, दोन्ही हात मांडीला चिकटवून. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. सुनेला म्हणाली, "उद्यापासून कामावर येते."

"उद्या?" सून म्हणाली. "उद्या नको. उद्या हे जायचेत. परवापासून ये."

"आज जायचेत."

"आज तेरावा आहे."

"आज चौदावा."

म्हातारा उन्हातूनच म्हणाला, "भिंतीवर रेघा आहेत. डोळे असलेल्याने मोजाव्यात."

"तुमच्या रेघा तुमच्यापाशी," पलीकडची म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तो आला त्या दिवशी मी दुपारी काम टाकून गेले. तो दिवस माझा बुडाला. तिथून आज चौदावा. मी रोज दारात बसून काय करत होते मग?"

"आलेला दिवस धरत नाहीत," म्हातारा म्हणाला.

"तुम्ही धरत नाही. मी धरला."

एवढं बोलून ती वळली आणि आली तशी गेली. धाकट्याने हातातली पहार आपटली. "डाव आहे तिचा. एक दिवस आधी हाकलायचाय. त्याने भट्टी उघडलेली तिला बघवणार नाही. वहिनी, तिचं ऐकू नका."

"पेटवणारा उघडल्याशिवाय हलत नाही," म्हातारा म्हणाला. "या अंगणात तसं कधी झालेलं नाही. तिचा नवरा गेला म्हणून ती आता आमचे दिवस मोजणार का?"

थोरला कुणाच्याच बाजूने बोलला नाही. कुणीतरी काहीतरी ठरवेल आणि आपल्याला सांगेल, असा तो उभा होता. सून भिंतीपाशी गेली. तिने रेघांवर एकेक बोट ठेवलं. तेरा होत्या. मग पहिल्या रेघेच्या अलीकडे, कोऱ्या भिंतीवर तिने बोट ठेवलं. त्या दिवशी तो कुठे होता? सकाळी फाटकातून बाहेर पडला होता. दुपारी तिच्या हातचं जेवला होता. भट्टीला तो दिवस नसेल. तुरुंगाला कसा नसेल? तुरुंगात तो त्या दिवशी नव्हता.

पलीकडची खोटं बोलत असेल तर त्यांचा एक दिवस जाणार होता. खरं बोलत असेल आणि ते थांबले, तर दोन वर्षं जाणार होती.

"उठा," ती थोरल्याला म्हणाली. तो उभाच होता. "सदरा घाला."

"वहिनी!" धाकटा म्हणाला.

"चौकीवर कागद आहे. कागदात असेल ते खरं. उद्याची तारीख निघाली तर उद्याच जातील, त्यासाठी आज गेल्याने काय बिघडतं?"

"बिघडतं," म्हातारा म्हणाला. "भट्टी बिघडते."

"मामंजी, भट्टी तुम्ही उघडा. पहार धरता येते तुम्हाला."

इतकी वर्षं तिने म्हाताऱ्याला उलट उत्तर दिलं नव्हतं. थोरल्याने भट्टीला एकदा हात लावला, कुणी लेकराच्या कपाळाला लावतं तसा, आणि निघाला.

चौकीवर जमादार नव्हता. जेवायला गेला होता. त्याच्या खालचा माणूस म्हणाला, "थांबा, येतील." सूर्य डोक्यावर आला होता. सुनेने त्याला सांगितलं की कागद फक्त बघायचा आहे. तो म्हणाला, बघायचाही साहेबांना विचारून. थोरला बाकावर बसला. त्याला वाट बघायची सहा वर्षांची सवय होती. तो भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघत शांत बसला. सून दारात उभी राहून रस्ता बघत होती. एक गाडी गेली. शहराकडे जाणारी तीच त्यांची गाडी होती.

जमादार आला तो दात कोरत. कपाट उघडून त्याने कागद काढला. थोरल्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि ओठ हलवत खालची बारीक ओळ वाचायला लागला. एक एक अक्षर. सुनेला वाटलं, ही ओळ संपणारच नाही.

"सुटल्याचा दिवस धरून," त्याने वाचलं. मग तारीख वाचली. मग त्याने भिंतीवरच्या तारखेच्या पाटीकडे पाहिलं.

"आजच की," जमादार म्हणाला. "मला वाटलं होतं, तुम्ही सकाळीच कागद नेलात." त्याने कपाट बंद केलं. "पळा आता."

रस्त्यावर पुढची गाडी तासाभराने होती. शिंप्याच्या दुकानासमोर दगड वाहणारा ट्रक उभा होता. शिंप्याला कळलं तसा तो सुईदोरा दातात धरूनच बाहेर धावला आणि ट्रकवाल्याच्या दारावर थापा मारायला लागला. "हमी माझी आहे रे बाबा," तो म्हणत होता. "माझी मान आहे!" ट्रकवाल्याने दोघांना दगडांवर बसवलं. खड्डा आला की दगड खाली सरकायचे आणि दोघांना पाय उचलून धरावे लागायचे. थोरल्याने कागद सदऱ्याच्या आत पोटाशी ठेवला होता. त्याच्या भाजलेल्या हातावरची कातडी सुटायला लागली होती, तिच्यात धूळ बसत होती. शहराच्या वेशीवर ट्रक वळणार होता. तिथून ते पळाले. सुनेची एक चप्पल तुटली, ती तिने हातात घेतली.

फाटकावरच्या शिपायाने घड्याळ बघितलं. सहाला बारा मिनिटं कमी होती.

"शेवटच्या दिवशी शेवटच्या घटकेला," तो म्हणाला. "घर एवढं गोड लागलं काय?"

थोरला एक पाऊल मागे झाला आणि हात बांधून उभा राहिला. शिपायाने वही उघडून वेळ लिहिली. थोरल्याने सही केली. मग मोठ्या फाटकातलं लहान दार आतून कुणीतरी उघडलं. तो वाकून आत गेला. मागे वळून काही बोलायचं त्याच्या मनात असावं, पण दार तोवर लागलं होतं.

सून दुसऱ्या दिवशी दिवस वर आल्यावर घरी पोचली. भट्टी उघडलेली होती. म्हाताऱ्याने पहाटेच स्वतः पहार धरून वरचा थर काढला होता. विटा लाल आणि सारख्या भाजल्या होत्या. खाणीकडच्या बाजूला ओळभर काळपट, बाकी एकजात. धाकटा एक वीट दुसरीवर आपटून आवाज ऐकत होता.

"सहाला बारा मिनिटं होती," तिने सांगितलं. "कागदात आजचा नव्हे, कालचाच दिवस होता."

धाकट्याने विटा खाली ठेवल्या. म्हातारा उठला, जळका कोळसा शोधून छपराखाली गेला, भिंत चाचपत पहिल्या रेघेपर्यंत आला आणि तिच्या अलीकडे त्याने एक रेघ ओढली. ती बाकीच्यांपेक्षा जरा वाकडी आली.

पलीकडची कामाला लागलेली होती. सून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. पलीकडची चुंबळ डोक्यावर नीट बसवून गुडघ्यांत वाकली. सून विटा रचायला लागली. एक, दोन, तीन. चौथी हातात असताना तिने विचारलं, "का सांगितलंस?"

"चौदाला अंगठा दिला होता. पंधराला नाही."

"गप्प बसली असतीस तर त्यांची माफी गेली असती."

"गेली असती. मग परत अर्ज केला असता. परत तो जमादार शाई घेऊन माझ्या दारात आला असता." विटांखाली तिची मान ताठ होती, त्यामुळे ती सुनेकडे न बघता समोर खाणीकडे बघत बोलत होती. "मला परत विचारायला नको कुणी. सुटायचा असेल तर सुटू दे एकदाचा."

सून विटा ठेवत राहिली. आठ झाल्या. तिने हात मागे घेतला.

"झालं?"

"हं."

पलीकडची हलली नाही. "दोन आणखी ठेव," ती म्हणाली. "चौदा दिवस बसून होते."